बंबापासून गच्चीवरच्या सोलरपर्यंत

आज आंघोळीच्या पाण्याबद्दल बोलायचं आहे. म्हणजे बोलायचं आहे इतिहासावरच, पण तो राजेरजवाड्यांचा नाही, तुमच्या-माझ्या न्हाणीघराचा आहे.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. 'ऊन पडलंय' म्हणतो तेव्हा ऊन म्हणजे सूर्याचा प्रकाश. आणि 'बाळाला ऊन पाण्यानं न्हाऊ घाल' म्हणतो तेव्हा ऊन म्हणजे तापलेलं. संस्कृतातल्या 'उष्ण'पासून दोन्ही आले आणि शब्द एकच राहिला. माझी आजी कल्याणला राहायची. ती थंडीत सकाळी आठ वाजता पितळेचं घंगाळ पाण्यानं भरून अंगणात ठेवायची. अकरापर्यंत पाणी कोमट व्हायचं आणि त्याच पाण्यानं आम्हा लहानग्यांची आंघोळ व्हायची. तिला कुणी सौर ऊर्जा शिकवली नव्हती. सरपण वाचतं एवढंच तिला माहीत होतं.

सरपण वाचवणं हा आपल्या घरांतल्या बायकांचा जुना उद्योग. चुलीच्या शेजारी वैल असायचा, आठवतो का? चुलीवर भाकरी किंवा भात चाललेला असताना जाळ आतल्या वाटेनं वैलाकडे जायचा आणि तिथं पाण्याचं भांडं चढवलेलं असायचं. म्हणजे स्वयंपाकाच्या जाळावर पाणी फुकटात तापायचं. पण घरात दहा माणसं असतील तर वैलाचं पाणी पुरायचं कुठे? तिथं बंब आला.

बंबाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुढे गच्चीवर गेल्यावर तो पुन्हा भेटणार आहे. तांब्याचं उभं भांडं, मधोमध एक नळकांडं, त्यात वरून ढलप्या, गोवऱ्या, नारळाची सोडणं, करवंट्या टाकायच्या. खाली जाळी आणि राख पडायला जागा. पाणी नळकांड्याभोवती. बऱ्याच बंबांना वर एक नरसाळं असे. नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की ते थेट तळाशी जाई आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडे. गार पाणी जड, ते खाली बसतं. ऊन पाणी हलकं, ते वर राहतं. एवढ्या एका गोष्टीवर बंब चाले.

आणि बंब चालवायचा कुणी? पहाटे साडेचारला उठून तो पेटवायचा, धूर डोळ्यांत घ्यायचा, मग घरातल्या पुरुषांच्या आंघोळी, मग मुलांच्या, मग सासूबाईंची आणि शेवटी उरलंसुरलं कोमट पाणी आपलं. वर आठवड्यातून एकदा चिंच लावून बंब घासायचा. जुने बंब आता दिवाणखान्यात कोपऱ्यात ठेवतात, त्यात फुलझाड लावतात. छान दिसतो. घासायचा नसला की तांब्याचा बंब फारच छान दिसतो.

मग माणसं कल्याणच्या वाड्यांतून आणि मुंबईच्या चाळींतून डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आली. साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या घरांत बंबाला जागा नव्हती, धुराला वाट नव्हती. रॉकेलचा स्टोव्ह आला. त्याला पिन मारायची, पंप मारायचा आणि वर पाण्याचं पातेलं. रॉकेल रेशनवर, त्यामुळे हातात डबा घेऊन रांगेत उभं राहणं आलं. गॅसचा नंबर लागायला वर्षं लागायची, आणि लागला तरी सिलिंडर एकच. तो आंघोळीच्या पाण्यावर उडवणारी सून कोणत्या सासूला आवडेल? मग विजेचा रॉड आला. बादलीत सोडायचा, पोरांना 'हात लावू नका रे' म्हणून ओरडत राहायचं, बटण बंद केल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. धातूच्या बादलीत शॉक आणि प्लॅस्टिकची असेल तर वितळायची भीती. माझ्या आईच्या उजव्या हाताला त्या रॉडचा डाग शेवटपर्यंत होता. त्यानंतर गीझर. नळ सोडला की पाणी येतं याचं त्या पिढीला वाटलेलं सुख आपल्याला कळायचं नाही.

या विजेबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस होतं, ते तुमच्यापैकी जुन्या डोंबिवलीकरांना आठवत असेल. ब्रिटिश काळात रेल्वेच्या गाड्यांना वीज देण्यासाठी ते बांधलं आणि ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. त्यात काय चालायचं? कोळसा जाळून पाणी तापवायचं, वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं, वीज करायची. कोळशावरच्या कुठल्याही वीजकेंद्रात हेच चालतं. म्हणजे बघा, तिकडे कोळशानं पाणी उकळून वीज करायची, ती तारांवरून घरी आणायची आणि घरी त्या विजेनं परत पाणीच तापवायचं. वाटेत कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, 'मग घंगाळ अंगणात का नाही ठेवत?'

हा प्रश्न आजीच्याही आधी एका इंग्रजाला मुंबईतच पडला होता. त्याचं नाव विल्यम अ‍ॅडम्स. तो मुंबईत सरकारी नोकरीत होता, शास्त्रज्ञ वगैरे नव्हता. १८७० च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की इथं कोळसा विलायतेहून आणावा लागतो, लाकूड महाग आहे आणि ऊन मात्र फुकट पडून आहे. त्यानं लहान लहान सपाट आरसे एका मोठ्या चौकटीवर अर्धवर्तुळात बसवले आणि त्या सगळ्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं. वाफ झाली, आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालला. कुलाब्याला त्याच्या घराच्या आवारात हे यंत्र होतं आणि लोक ते बघायला यायचे. त्यानं एक सूर्यचूलही केली होती. जानेवारी महिन्यात मुंबईत तिच्यावर सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजलं, असं त्यानं लिहून ठेवलं. १८७८ साली त्यानं यावर पुस्तक छापलं. त्याचं म्हणणं असं, की उष्ण देशांत इंधनाच्या जागी सूर्याची उष्णता चालू शकते. ठाण्याला पहिली आगगाडी येऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. रेल्वे वाढली आणि कोळसाही. अ‍ॅडम्सचे आरसे कुठे गेले ते कुणी विचारलं नाही.

पाणी तापवायचं जे यंत्र आज आपल्या गच्चीवर आहे, त्याची वंशावळ मात्र अमेरिकेतून येते. १८९१ साली बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प नावाच्या माणसानं लाकडी पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या ठेवून वर काच लावली आणि त्याचं पेटंट घेतलं. त्यानं गिऱ्हाईक कोण शोधलं ऐका. उन्हाळ्यात ज्यांच्या बायका मोलकरणींना घेऊन थंड हवेच्या ठिकाणी जातात, असे घरी एकटे राहिलेले नवरे! चूल पेटवता येत नाही, आंघोळ तर करायची आहे, तर हे यंत्र घ्या. मला हे वाचून फार हसू आलं. पाणी तापवणं किती कष्टाचं आहे, हे त्या कामाची पाळी पुरुषांवर आल्यावर बाजाराला कळलं.

केम्पची यंत्रं कॅलिफोर्नियात फार खपली. १८९७ पर्यंत तिथल्या पॅसडेना गावात जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत ती होती. पण एक अडचण होती. टाकी आणि तापवणारा भाग एकच, त्यामुळे रात्री पाणी गार व्हायचं. १९०९ मध्ये विल्यम बेली यानं दोन्ही वेगळे केले. खाली काचेखाली तांब्याच्या नळ्या आणि त्यांच्या वर, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून गुंडाळलेली टाकी. नळ्यांतलं पाणी तापलं की हलकं होऊन वर टाकीत जातं, टाकीतलं गार पाणी खाली नळ्यांत उतरतं. पंप नको, वीज नको. आपल्या बंबाचंच तत्त्व, फक्त जाळाच्या जागी ऊन. त्या यंत्राचं नावच होतं 'दिवस आणि रात्र'. पुढे तिथं नैसर्गिक गॅस स्वस्त मिळायला लागला आणि हा धंदा बसला. इस्रायलमध्ये मात्र तो टिकला, कारण त्यांच्याकडे इंधनाचीच टंचाई होती. १९८० मध्ये त्यांनी नव्या घरांना सौर पाणीतापक सक्तीचा करणारा कायदाच केला.

आपल्याकडे सत्तरच्या दशकात तेल महागलं, तेव्हा सरकारला सूर्याची आठवण झाली. १९८२ मध्ये दिल्लीत अपारंपरिक ऊर्जेचं वेगळं खातं निघालं, १९९२ मध्ये त्याचं मंत्रालय झालं. आपल्या राज्यात 'महाऊर्जा' ही संस्था पुण्यात आली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सोलर दिसायचं ते हॉटेलांवर, वसतिगृहांवर, दवाखान्यांवर आणि पुण्या-बंगलोरच्या बंगल्यांवर. ज्याची स्वतःची गच्ची, त्याचं सोलर. डोंबिवलीत स्वतःची गच्ची कितीजणांची? आपली गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. पापड वाळवायला आणि गणपतीत मांडव घालायला.

१९९९ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना एक नमुना नियम पाठवला, की नव्या इमारतींमध्ये सौर पाणीतापक यंत्रणा बांधकाम परवानगीलाच जोडा. नियम पाठवणं सोपं असतं. तो मनावर घ्यायला आपल्या भागात आणखी एक कारण घडावं लागलं, आणि ते कारण तुम्हा-आम्हा सगळ्यांना चांगलं आठवतं. भारनियमन!

२००५ च्या जून महिन्यात जुन्या वीज मंडळाचे भाग पडून महावितरण झालं. दाभोळचा प्रकल्प २००१ पासून बंद पडलेला. राज्यात विजेची तूट वाढत वाढत चार-पाच हजार मेगावॉटच्या घरात गेली. मुंबईत बेस्ट, टाटा आणि रिलायन्सच्या भागांत दिवे लखलखीत, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीत रोज काही तास अंधार. नोकरी मुंबईत आणि घर इकडे, त्यामुळे हा फरक आपण रोज लोकलमधून उतरताना बघायचो. लिफ्ट बंद, पाण्याचा पंप बंद. सकाळचं भारनियमन असलं की गीझर बंद. सहा-तीसची गाडी पकडायची म्हणून पाच वाजता गॅसवर पातेलं. म्हणजे आपण परत आजीच्या काळात. त्या वर्षांत किती मैत्रिणींनी गार पाण्यानं डोकं धुऊन गाडी पकडली असेल, याची मोजदाद कुठल्याच अहवालात नाही.

आता थोडं गणित. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांपासून साठ अंशांपर्यंत तापवायला साधारण चार युनिट वीज लागते. एका चौकोनी कुटुंबाच्या सकाळच्या आंघोळी एवढ्यात होतात, कारण साठ अंशांचं पाणी आपण गार पाण्यात मिसळूनच घेतो. शंभर लिटरची सोलर यंत्रणा वर्षाला दीड हजार युनिटपर्यंत वीज वाचवते, असं सरकारी आकडे सांगतात. पण महावितरणच्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या इमारतीत अठ्ठावीस घरं. प्रत्येकानं सकाळी सहा ते सातमध्ये दोन किलोवॉटचा गीझर लावला तर छप्पन्न किलोवॉटचा भार एकदम. अशा हजारो इमारतींचा भार एकाच तासात, आणि त्याच तासात लोकलही भरभरून धावत असतात. या तासाचा भार उचलायला वीजकेंद्रं उभी करावी लागतात. ते काम गच्चीवरच्या उन्हानं आदल्या दुपारीच करून ठेवलं असेल तर?

ठाणे महापालिकेनं हे आधी हेरलं. आपल्या राज्यात ज्या पालिकांनी सोलर मनावर घेतलं, त्यांत ठाण्याचं नाव पहिल्या काहींत आहे. नव्या इमारतींना यंत्रणा सक्तीची केली आणि ती बसवणाऱ्यांना मालमत्ता करात दहा टक्के सूट दिली. सक्ती आणि सूट, दोन्ही. मला हे शहाणपणाचं वाटतं. नुसती सक्ती केली की बिल्डर बसवतो आणि विसरतो. सूट मिळत असली की निदान सोसायटीचा खजिनदार तरी वर्षातून एकदा गच्चीवर जाऊन येतो. ठाण्याच्या पालिकेनं पुढे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात सूर्याच्या उष्णतेवर वातानुकूलनही करून बघितलं. उन्हानं गारवा! अ‍ॅडम्सला हे आवडलं असतं.

कल्याण-डोंबिवली महापालिकेनं २००७ पासून नव्या इमारतींना सोलर सक्तीचं केलं. हा नियम चालतो तो भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे आपण ज्याला ओसी म्हणतो त्याच्या जोरावर. यंत्रणा नाही, तर ओसी नाही. त्यानंतर आपल्या शहराची गच्चीवरून दिसणारी शोभाच बदलली. खडकपाड्याला किंवा नव्या डोंबिवलीत उंच इमारतीवरून बघा, ओळीनं तिरक्या मांडलेल्या काळ्या नळ्या आणि शेजारी पांढऱ्या टाक्या दिसतात. सगळ्यांची तोंडं दक्षिणेला, कारण आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आहोत आणि वर्षाचा बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडूनच जातो. पुढे केंद्राच्या सौर शहरांच्या योजनेत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही नावं आली. पाच वर्षांत शहराची पारंपरिक ऊर्जेची मागणी निदान दहा टक्क्यांनी कमी करायची, असं त्या योजनेचं उद्दिष्ट होतं. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन निघालं. २०२२ पर्यंत देशात दोन कोटी चौरस मीटर सौरतापक बसवायचे, असं त्यात ठरलं होतं. काही वर्षं त्यासाठी अनुदानही होतं, नंतर ते थांबलं.

नियमाची गोष्ट इथवर कागदावर छान वाटते. आता गच्चीवरची सांगते.

आम्ही २०१० मध्ये आमच्या इमारतीत राहायला आलो. सात मजले, अठ्ठावीस घरं, गच्चीवर तीन हजार लिटरचं सोलर. पहिले दोन हिवाळे आम्ही राण्यांसारख्या न्हालो. मग तक्रारी सुरू झाल्या. टाकी वर, त्यामुळे सातव्या मजल्यावर नळ सोडला की लगेच कढत पाणी. पहिल्या मजल्यावर मात्र नळीत साचलेलं गार पाणी आधी सोडून द्यावं लागायचं, दोन-दोन बादल्या. पाण्याची टंचाई असलेल्या गावात गार पाणी असं मोरीत सोडायचं? मी ती बादली भांड्यांना वापरायचे, पण प्रत्येक घरी कोण एवढं करणार. खरं तर यावर उपाय आहे, नळी गोल फिरवून परत टाकीकडे न्यायची आणि छोट्या पंपानं पाणी फिरतं ठेवायचं. आमच्या बिल्डरनं ते केलेलं नव्हतं. त्याला ओसी हवी होती, ती मिळाली.

मग वापराचं भांडण. टाकीतलं पाणी दिवसभर तापतं, दुपारी तीन-चारपर्यंत पुरतं ऊन होतं आणि रात्रभर टाकीत टिकतं ते दुसऱ्या सकाळसाठी. पण संध्याकाळी कुणी त्यावर चादरी धुतल्या की सकाळी शेजारणीला गार पाणी. शेवटी ठरलं की व्हॉल्व्ह सकाळी पाच ते आठच उघडायचा. वॉचमन तो उघडायचा. एक वॉचमन गावी गेला, दुसऱ्याला कुणी सांगितलं नाही, चार दिवस सगळी इमारत गार पाण्यानं न्हाली आणि सोलर बिघडलं म्हणून सगळीकडे झालं.

खरोखर बिघडलं ते नंतर. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. पालिकेचं पाणी कमी पडलं की विहिरीचं टाकीत सोडायचे. जड पाण्याचा क्षार नळ्यांत आणि टाकीत धरतो, जसा कुकरमध्ये धरतो तसा. पाणी तापेनासं झालं. पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कॉइल असते, ती कुणीतरी रात्रभर चालू ठेवायला लागलं. मग सकाळी टाकी विजेनंच तापलेली आणि दुपारच्या उन्हाला काही कामच उरलेलं नाही. सोसायटीचं वीजबिल वाढलं. वर एक नळी फुटली, गच्ची झिरपली आणि सातव्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली. २०१४ च्या पावसाळ्यात व्हॉल्व्ह बंद केला, तो बंदच राहिला. प्रत्येक घरात गीझर आले. दोन घरांत गॅस गीझर आले. तेव्हा मला धास्तीच असायची, कारण बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस आत पडलेला बाहेर कळत नाही. तुमच्याकडे असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर बसवा आणि खिडकी उघडी ठेवा. हे मी विषय सोडून सांगते आहे, पण सांगायलाच हवं.

पाच वर्षं सोलर गच्चीवर धूळ खात पडलं. २०१९ च्या वार्षिक सभेत ठराव आला, की ते भंगारात काढायचं. भंगारवाल्यानं भावही सांगितला होता. सभेत बोलणारे सगळे पुरुष. आमच्याकडे बहुतेक फ्लॅट नवऱ्यांच्या नावावर, त्यामुळे सभासद ते, मत त्यांचं. आम्ही मागच्या खुर्च्यांवर, चहाच्या वेळी उठायला सोयीचं म्हणून. हात वर होणार तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. त्या पोळी-भाजीचे डबे करतात, पहाटे चारला उठतात, आणि त्यांचा फ्लॅट त्यांच्याच नावावर आहे. त्या म्हणाल्या, "विकण्याआधी एकदा दुरुस्त करून बघूया की. भंगारवाला काय, पुढल्या वर्षीही येईल." अध्यक्ष म्हणाले, "काकू, खर्च किती येईल काही कल्पना?" काकूंनी पिशवीतून कागद काढला. त्यांनी दोघांकडून अंदाज आणून ठेवला होता.

ठराव पुढे ढकलला गेला. दुरुस्तीला पासष्ट हजारांच्या आसपास खर्च आला. क्षार काढला, सात नळ्या बदलल्या, गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं, विहिरीच्या पाण्याची जोडणी सोलरपासून तोडली. कॉइलचं बटण कुलूपबंद पेटीत गेलं, ते फक्त जून ते सप्टेंबर. त्या दिवाळीला मात्र फजिती झाली. पहिल्या आंघोळीला अठ्ठावीस घरं एकदम साडेचारला उठली, प्रत्येक घरात पाहुणे, उटणं लावून सगळे तयार. सव्वापाचला टाकी रिकामी! पाचव्या मजल्यावरचे भाऊ अंगाला उटणं फासून जिन्यात उभे राहून वॉचमनला हाका मारत होते. तेव्हापासून नरक चतुर्दशीला गीझर लावायचा, असं ठरवूनच टाकलं.

पण ही सगळी ओसी असलेल्यांची गोष्ट झाली. आपल्याच शहरात हजारो घरं अशा इमारतींत आहेत, ज्यांना परवानगीच नव्हती. जिथं ओसीच नाही, तिथं ओसीला जोडलेला नियम कुठून पोचणार? आणि चाळींचं काय? माझ्याकडे भांडी घासायला येणारी बाई पत्र्याच्या घरात राहते. तिच्या डोक्यावर माझ्याइतकंच ऊन पडतं, उलट जास्तच, पत्रा मे महिन्यात हात लावू देत नाही. आणि तिचं पाणी अजून लाकडावर आणि रॉडवर तापतं. ती म्हणते, "ताई, आम्ही उन्हात काळी टाकी ठेवतो, दुपारी पोरांना न्हायला बरं पडतं." आजीचं घंगाळच ते, आता प्लॅस्टिकचं. इतक्या वर्षांत नियम, अनुदान, करात सूट असं पुष्कळ झालं, पण ते सगळं पक्क्या गच्चीसाठी झालं.

आता त्या गच्चीवर नवं भांडण आलं आहे. वीज करणाऱ्या निळ्या-काळ्या पाट्या स्वस्त झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं 'पीएम सूर्य घर' योजना आणली. घराला तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान, आणि सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे अठरा हजार. आमच्या सभेत लगेच प्रश्न आला, की पाण्याचं सोलर काढून विजेचं लावूया का? जागा तेवढीच. यावर माझं मत विचाराल तर घाई नको. पाणी तापवणारा सौरतापक त्याच्यावर पडणाऱ्या उन्हातला निम्म्याच्या आसपास वाटा पाण्याला देतो, विजेची पाटी त्या उन्हातला पाचवा हिस्सा वीज करते. म्हणजे नुसतं पाणीच तापवायचं असेल तर जुनंच बरं. पण विजेची पाटी नळ्यांसारखी क्षार धरत नाही, झिरपत नाही, आणि त्या विजेवर लिफ्टही चालते. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. सभेत तसंच चाललं आहे, दोन सभा झाल्या, निर्णय नाही.

एक बदल मात्र झाला. पाच घरांनी फ्लॅटवर बायकांचं नाव चढवून घेतलं, त्यात आमचंही आहे. आणि गच्चीची किल्ली आता तिसऱ्या मजल्यावर काकूंकडे असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातच्या आत, काच तापायच्या आधी, आम्ही तिघीचौघी वर जाऊन नळ्या पुसतो. दुपारी तापलेल्या नळीवर गार पाणी ओतायचं नाही, ती तडकते, हे आम्हाला एक नळी फोडून कळलं. या रविवारी गेले तेव्हा टाकीच्या सावलीत कबुतरानं घरटं केलेलं होतं, दोन अंडी होती. ते जरा बाजूला ठेवून बाकीचं पुसून आलो.